बंबावरच्या माणसाचं आयुष्य कसं लिहावं?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"माझे बाबा एका लहान गावाच्या अग्निशमन दलात 31 वर्षं होते. फायरमन म्हणून लागले, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्या आठवणींची चाळीसेक पानांची पुस्तिका काढायची आहे, पण लिहायला बसले की 'धाडसी', 'कर्तव्यदक्ष', 'निःस्वार्थी' यापुढे पेन सरकत नाही. त्यांच्या दलातल्या जोडीदारांना भेटले, तर तेही 'फार चांगला माणूस' म्हणून गप्प होतात. घरात त्यांची एक ट्रंक आहे. तिच्यात काळवंडलेला कोट, हेल्मेट, जाड राखाडी हातमोजे, पितळी कपलिंग (जोड) लावलेला होजचा, म्हणजे बंबाच्या पाण्याच्या पाइपचा, तुकडा, शंकूच्या आकाराचं एक जुनं लाल अग्निशामक, सहा छोट्या डायऱ्या आणि चिकट पानांचा अल्बम आहे. हे कसं जपू? आणि एका आगीत एक मूल वाचलं नव्हतं. बाबा त्याबद्दल घरात कधीच बोलले नाहीत. ते लिहावं का?"

ताई, पुस्तिकेचं नंतर बोलू. आधी ते लाल अग्निशामक.

शंकूच्या आकाराची जुनी अग्निशामकं बहुधा सोडा-ॲसिड प्रकारची असतात. बाहेरच्या नळकांड्यात खाण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी आणि वरच्या टोकाशी सल्फ्युरिक ॲसिडची काचेची छोटी बाटली, अशी त्याची रचना. वरची खुंटी आपटली किंवा अख्खं अग्निशामक उलटं केलं की बाटली फुटते किंवा सांडते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर फेकलं जातं. अनेक वर्षं पडून राहिलेल्या नळकांड्याचा पत्रा आतून सडलेला असू शकतो, तोटी गंजून बंद झालेली असू शकते. अशा वेळी दाब तोटीतून न जाता पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून ते उभंच ठेवा, झाकण फिरवू नका, खुंटीला हात लावू नका, रिकामं असेल असं समजून हलवून पाहू नका. अग्निशमन केंद्राला फोन करून घेऊन जायला सांगा आणि रिकामं करून नुसतं नळकांडं परत द्या अशी लेखी विनंती करा. ट्रंकेच्या तळाशी पितळी पिचकारीसारखं काही सापडलं, तर तेही उघडू नका. तसल्या जुन्या पिचकाऱ्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. ते यकृताला घातक, आणि तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.

दुसरं, ते राखाडी हातमोजे. जुन्या उष्णतारोधक हातमोज्यांत आणि ब्लँकेटांत ॲस्बेस्टॉस वापरलेलं असायचं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. झटकू नका, ब्रश मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे तंतू उडणार नाहीत. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड टेपने बंद करा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि वर 'आत ॲस्बेस्टॉस असू शकतं' असं स्पष्ट लिहा. पुस्तिकेसाठी फोटो पिशवीबाहेरूनच घ्या.

कोट कुणीही अंगात घालू नये, नातवंडांनी तर नाहीच. 'आजोबांच्या कोटात नातू' हा फोटो काढायचा मोह होतो, तो टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये आग विझवणाऱ्या जवानाचं काम कर्करोगकारक धोक्यांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे धुराची काजळी. ती कापडात वर्षानुवर्षं राहते. कोट धुऊ नका असंच आम्ही सांगू. त्या कोटावर जे लिहिलेलं आहे ते त्या काळ्या डागांतच आहे. धुतलात तर उरेल तो नुसता कोट. हातात नवे, वापरून टाकून द्यायचे हातमोजे घालून (ट्रंकेतले नव्हे) तो पसरा, पुढून-मागून फोटो काढा, घड्यांच्या आत रंग न दिलेलं सुती कापड गुंडाळून घाला म्हणजे घडीवर चीर पडणार नाही, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलात तर दमट हवेत बुरशी धरेल. हेल्मेटच्या आत मऊ कापडाचा बोळा भरा. चामड्याला तेल लावू नका.

आता पुस्तिकेकडे येऊ.

जोडीदार 'फार चांगला माणूस' म्हणून थांबतात, कारण वडील गेलेल्या मुलीसमोर दुसरं काय बोलायचं हे कुणालाच सुचत नाही. 'बाबा कसे होते?' हा प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर विशेषणातच येणार. तुम्ही कामाबद्दल विचारा. 'आगीची वर्दी आली की पहिल्या मिनिटात कोण काय करायचं? बंबात बाबा कुठल्या जागेवर बसायचे? बूट कुठे ठेवलेले असायचे? घंटा झाली की आधी पाय बुटात की आधी कोट?' असं विचारलंत की समोरच्या माणसाचे हात हलायला लागतात, आणि हात हलले की आठवणी येतात.

सगळ्यांत आधी भेटा ते बंबाच्या चालकाला, म्हणजे पंप चालवणाऱ्या माणसाला. साहेबांना नंतर. याचं कारण पाणी. लहान गावातल्या आगीत अर्धी लढाई पाण्याचीच असते. बंबाच्या टाकीत 4,500 लिटर पाणी आहे आणि होजच्या दोन लाइनींतून मिळून मिनिटाला 900 लिटर जातंय असं धरा : पाच मिनिटांत टाकी कोरडी. मोठ्या शहरात ठरावीक अंतरावर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, असतो. लहान गावात तो नसतो किंवा असून त्याला दाब नसतो. मग विहीर, तलाव, नदी, कुणाच्या तरी कारखान्यातली टाकी. कुठल्या विहिरीपर्यंत बंब मागे घेता येतो, कुठे चाक रुततं, पाणी खाली गेल्यावर कुठल्या विहिरीत सक्शन पोचतच नाही, हे सगळं चालक आणि त्याच्याबरोबरचे फायरमन यांच्या डोक्यात असतं. कागदावर ते बहुधा कुठेच नसतं.

हे नीट ऐकून घ्यायचं तर सक्शन म्हणजे काय हे तुम्हालाही थोडं माहीत हवं. बंबावरचा पंप पाणी ओढत नाही. त्याला जोडलेला प्रायमर हा छोटा पंप विहिरीत सोडलेल्या सक्शन पाइपमधली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त 10 मीटरच्या आसपास पाणी चढवू शकतो. प्रत्यक्षात पाइपमधलं घर्षण, सांध्यांतली गळती हे सगळं धरून सात-साडेसात मीटरच्या पुढे आशा नसते. पाणी त्याहून खोल असेल तर विहीर भरलेली असूनही बंबाच्या उपयोगाची नाही. सक्शन पाइपच्या कपलिंगमधला एक रबरी वॉशर सुकून तडकला, तरी हवा आत शिरते आणि पाणी चढत नाही. पाइपच्या टोकाची जाळी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहिली तर भोवरा होऊन हवा ओढली जाते, म्हणून ती दोन फूट तरी खाली लागते. तळाला टेकली तर गाळ येतो. आणि पंपाला पुरेसं पाणी मिळत नसलं की आत खडी भरल्यासारखा खडखडाट होतो. जुन्या चालकाला विचारा, 'पाणी चढलं नाही असं कधी झालं? तेव्हा बाबा कुठे होते?' बहुधा उत्तर येईल की ते सक्शनच्या सांध्याशी गुडघ्यावर बसले होते. पुस्तिकेला हवं ते वाक्य हेच.

या भेटीला जाताना गावाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून न्या, सोबत पेन्सिल. प्रत्येक पाणवठ्यावर खूण करायला सांगा : बंब कुठल्या बाजूने लागायचा, सक्शनचे किती तुकडे जोडावे लागायचे, तिथून वस्तीपर्यंत होजच्या किती लांब्या (एकमेकांना जोडायचे तुकडे) लागायच्या. यातल्या काही विहिरी बुजल्या असतील, त्याही दाखवायला सांगा. हा नकाशा पुस्तिकेच्या मधल्या दोन पानांवर छापा. गाव हेच पान जपून ठेवील असं आम्हाला वाटतं.

चालकानंतर ब्रँचवरचे. ब्रँच म्हणजे होजच्या टोकाची, नोझल लावलेली नळी. तिथल्या माणसाच्या अंगावर काय येतं याचा अंदाज घरच्यांना सहसा नसतो. 63 मिलिमीटर व्यासाच्या होजची 15 मीटरची एक लांबी पाण्याने भरली की आतलं नुसतं पाणीच 47 किलोच्या आसपास होतं. असे तीन-चार तुकडे जोडलेले असतात आणि ते जिन्यावरून वळवायचे असतात. त्यात 20 मिलिमीटरच्या नोझलमधून 7 बार दाबाने पाणी सुटलं, तर ते धरणाऱ्याला जवळपास 45 किलोच्या जोराने मागे रेटतं. म्हणून ब्रँचवर दोघे लागतात, एक धरायला आणि एक त्याच्या पाठीला खांदा द्यायला. विचारा, बाबांच्या मागे कोण असायचं? बाबा कुणाच्या मागे असायचे? ब्रँचवाल्यांत त्या माणसाला आधी शोधा. 31 वर्षांत कधी त्यांचा खांदा दुखत असेल, पाठ धरत असेल, तर त्याचंही मूळ तुम्हाला इथे सापडेल.

आणि तो होजचा तुकडा बरोबर न्याच. कपलिंग जिथे होजमध्ये शिरतं तिथे तारेचे वेढे दिसतील, एकाला एक चिकटून घट्ट दिलेले. वेढ्यांमध्ये फट राहिली तर दाब आल्यावर कपलिंग निसटतं, आणि निसटलेलं पितळ माणसाचं हाड मोडू शकतं. हे काम केंद्रावर हातांनी करायचे, आणि बांधणाऱ्याचा हात जुन्या लोकांना ओळखू येतो. पितळावर ठोकलेले आकडे आणि शिक्के असतील तर टॉर्च बाजूने तिरका धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतील. पॉलिश मारू नका, त्याने अक्षरंच झिजतात. मऊ कोरडं कापड पुरे. होज चपटा दुमडून ठेवू नका. घडीच्या रेषेवर विण तुटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा.

भेटी रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. पंखा बंद करा. कानाला तो जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्द खातो. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट असेल तर तो निवडा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव तुमच्या आवाजात घ्या, आणि छापायला हरकत नाही ना हेही तिथेच विचारून घ्या. एक तास झाला की थांबा. वयस्कर माणूस दीड तासानंतर दमतो आणि 'हो, हो' करायला लागतो. त्याच दिवशी दोन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आधी प्रत्येकाला एकेकटं भेटा, सगळे एकत्र नंतर. एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते.

आगीशिवायच्या वर्द्या आवर्जून विचारा. लहान गावचा बंब विहिरीत पडलेलं जनावर काढायला जातो, रस्त्यावर आडवं झालेलं झाड कापायला जातो, अपघातात चेपलेल्या गाडीचा दरवाजा उघडायला जातो, पुराच्या पाण्यात दोर घेऊन उतरतो. खोट्या वर्द्याही असतात. आणि वर्दीच नसलेले दिवस तर कितीतरी. त्या दिवसांत काय चालायचं? होज धुऊन उभे टांगून वाळवणं, गाठींचा सराव, शिडीची ड्रिल, बंबाचं इंजिन रोज सुरू करून पाहणं. कंटाळ्याच्या दिवसांबद्दल विचारलं की जुनी माणसं खुलतात, आणि तुमच्या बाबांचा स्वभाव तिथेच कळेल : ड्रिल चुकवायचे का, नव्या मुलांना गाठी कोण शिकवायचं, कुणाला ओरडायचे.

डायऱ्यांची पानं आधी क्रमाने फोटोत घ्या, कोरी पानंसुद्धा. नोंदी त्रोटक असतील, 'वर्दी 2.40, परत 6.15' एवढ्याच. तेच सोनं आहे. तारखांची यादी करा आणि ती घेऊन केंद्रावर जा. तिथल्या नोंदवहीत किंवा आगीच्या अहवालात वर्दी कधी मिळाली, बंब कधी निघाला, कधी पोचला, आग कधी आटोक्यात आली, किती लांब्या वापरल्या, पाणी कुठून घेतलं, हे असतं. 'माझ्या वडिलांची सगळी माहिती द्या' असा अर्ज केलात तर तो कपाटात जाईल. नेमक्या आठ-दहा तारखा लिहून अर्ज करा. जुन्या वह्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, म्हणून हे काम या महिन्यातच करा. नोंद आणि आठवण जुळणार नाही, तेव्हा घाबरू नका. दोन आगी आठवणीत एक होऊन जातात, हे नेहमीचं आहे. नोंदीतली वेळ छापा, माणसाने सांगितलेलं त्याच्या शब्दांत छापा, आणि फरक असल्याचं एका ओळीत सांगा.

अल्बमची चिकट पानं फोटो खातात. आधी प्रत्येक पान आहे तसं फोटोत घ्या, म्हणजे क्रम राहील. मग प्लॅस्टिक हळूच उचला आणि मेण नसलेला दातांचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवा. सुटत नसेल तर ओढू नका, तसाच स्कॅन करा. 600 डीपीआय पुरे. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. प्रिंटवर माणसांना आकडे द्या आणि जोडीदारांना वेगवेगळं दाखवून नावं विचारा. नाव तुम्ही आधी सुचवू नका.

आता ती आग.

लिहावं, असं आमचं मत आहे. ती तुमच्या बाबांच्या आयुष्यात इतकी खोल होती की तुम्ही पत्रात तिच्याबद्दल लिहिलंत. ती वगळली तर त्यांचं मौन पुस्तिकेत येणार नाही, आणि ते मौनही बाबांचंच होतं. पण तिच्यासाठी वेगळी भेट घ्या, आणि त्या दिवशी बाबांबरोबर ब्रँचवर जो माणूस होता त्याच्याकडेच जा. पहिल्या भेटीत विषय काढू नका. दुसऱ्या भेटीत, बोलणं रंगल्यावर, एवढंच विचारा : 'त्या आगीबद्दल तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तर पुढे जाऊ.' मग गप्प बसा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता जड वाटते, पण ती तुम्ही भरू नका. ते रडले तर रेकॉर्डिंग बंद करू का एवढं विचारा, आणि त्यांचं ऐका.

ऐकताना मनाशी एवढं असू द्या. बंद खोलीत आग धुमसत राहिली की छताखाली गरम वायू साचतात. त्यांचं तापमान 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की खालचं सामानही एकदम पेट घेतं आणि क्षणात सगळी खोली आग होते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत माणूस वाचत नाही, आणि पूर्ण पोशाखातल्या फायरमनलाही बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात. त्याच्याही आधी धूर असतो. घरांच्या आगीत माणसं बहुतेक वेळा धुराने जातात, आणि तीही बंब पोचण्याआधीच. जोडीदाराच्या बोलण्यात दार उघडताच भडका उडाल्याचं आलं, किंवा पोचलो तेव्हाच खोली पेटलेली होती असं आलं, तर ते कालक्रमाने, मिनिटांसकट लिहा. वर्दी किती वाजता मिळाली आणि बंब किती वाजता पोचला हे नोंदवहीतून घ्या. घरी न बोलणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा त्याच मिनिटांचा हिशेब चालू असतो, आणि तो तुम्ही कागदावर मांडलात की त्यांच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं हे वाचणाऱ्यालाही दिसेल.

त्या मुलाचं नाव, घर, गल्ली, आईवडिलांची ओळख पटेल असं काहीही छापू नका. लहान गावात वर्ष आणि वस्ती एवढ्यावरूनही ओळख पटते, म्हणून वर्षही गाळलेलं बरं. त्या घरचं कुणी गावात असेल तर छापण्याआधी तेवढी दोन पानं त्यांना प्रत्यक्ष जाऊन दाखवा. ते नको म्हणाले तर काढा. त्यांचा हक्क तुमच्या पुस्तिकेपेक्षा मोठा आहे.

मांडणीबद्दल थोडक्यात. जन्म-शिक्षण-नोकरी या क्रमाने सुरू करू नका. पहिल्या पानावर एक वर्दी घ्या, घंटा झाल्यापासून होज वाळत टांगेपर्यंत, मिनिटामिनिटाने. मोठीच आग हवी असं नाही. ज्या वर्दीचा तपशील सगळ्यांत जास्त मिळाला ती घ्या. विशेषणं शेवटी हुडकून काढा आणि प्रत्येकाच्या जागी त्यांनी केलेली एक गोष्ट लिहा. 'कर्तव्यदक्ष'च्या जागी 'प्रत्येक शिफ्टला सगळे वॉशर काढून बघायचे' असं आलं, तर वाचणाऱ्याला ते न सांगता कळेल. अर्थात ते खरंच बघायचे की नाही हे आधी विचारून घ्या.

प्रकाशनासाठी वर्षश्राद्धाचीच तारीख धरायला हवी असं नाही. घाई झाली तर 4 मे हा आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन चांगला आहे. 2 डिसेंबर 1998 ला ऑस्ट्रेलियात लिंटन इथल्या वणव्यात वारा अचानक फिरला आणि बंबावरचे पाच स्वयंसेवक गेले. त्यानंतर हा दिवस सुरू झाला. त्या दिवशी लाल आणि निळी फीत लावतात, लाल आगीची आणि निळी पाण्याची. मुखपृष्ठावर दुसरं काही सुचलं नाही तर या दोन रंगांच्या पट्ट्या पुरेत.

या आठवड्यात दोनच कामं करा. केंद्राला फोन करून ते अग्निशामक न्यायला सांगा, आणि त्याच फोनवर बाबांच्या वेळच्या चालकाचा पत्ता विचारा. जाल तेव्हा होजचा तुकडा पिशवीतून काढून सरळ त्यांच्या हातात द्या, आणि तारेचे वेढे कुणाच्या हातचे आहेत ते विचारा.